कापराचं वजन

रविराजसाहेबांनी डबी टेबलावर आपटली. डबीवर लाल टॅग होता : रिजेक्ट. कारण : पॉलिश, उज्वला.

"हळू ठेवा की. आत दगड नाय," उज्वला म्हणाली.

आत स्टीलची कडी होती, मधलं भोक हरभऱ्याएवढं. सातपूरच्या या शेडमध्ये तिनं ती नऊ दिवस हातानं घासली होती. साहेबांच्या कंपनीला द्राक्षबागेच्या बांधावर नेता येईल असं मशीन बनवायचं होतं, मण्यावर कुठलं औषध राहिलंय ते जागेवर सांगणारं. असली मशीनं कपाटाएवढी असतात. यांना ते जेवणाच्या डब्याएवढं हवं होतं. पदार्थाचे कण विजेच्या जोरावर या कडीत कोंडायचे, वजनाप्रमाणे एकेक बाहेर सोडायचे आणि वजनावरून पदार्थ ओळखायचा. मोठ्या पिंजऱ्यात एखादा ओरखडा खपून जातो, एवढ्याशा पिंजऱ्यात नाही.

साहेबांनी कागद पुढं केला. "मशीनच्या पेटीतली हवा काढली, आत काहीही नाही, तरी वजनाच्या या रेघा येतायत. पंचाण्णववर, एकशे बावन्नवर. तुमची पॉलिशची पेस्ट राहिलीय कडीला. हाताचं काम असंच असतं."

"पेस्टची रेघ कुठं येती, ते बघितलं का?"

"बाई, ते तुमचं काम नाही."

"मग रिजेक्ट माझं कसं?"

शेडचे मालक दीपकशेठ घाईघाईनं मधे पडले. "उज्वलाबाई, वाद नको. कड्या आता साहेब बाहेरून मागवणार. तुम्ही उद्यापासून पॅकिंगला बसा."

बावीस वर्षं. बोटांची रेषान् रेषा झिजून गेली होती, आणि हा माणूस तिला खोके चिकटवायला बसवत होता. उज्वलानं पदराला हात पुसले आणि मोबाईल काढला. कंपनीतल्या पूजेचा फोटो शेठनीच ग्रुपवर टाकला होता. मशीनचा पहिला नमुना जोडायच्या दिवशीचा. हार, नारळ, सगळे साहेब, शेठ. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"कडी माझी, म्हणून फोटो मोठा करून बघितला," ती म्हणाली. "ही ताटात फुलांशेजारी. आणि हे काय जळतंय, साहेब?"

"कापूर. आरती होती."

"पेटीचं झाकण उघडंच. झाकणाला रबर हाय ना? माझ्या कापराच्या डबीचं झाकण वर्ष झालं धुतीय, रबरात मुरलेला कापराचा वास जात नाय."

रविराजसाहेबांनी मोबाईल ओढून घेतला आणि फोटो आणखी मोठा केला.

"चला. मी पण येते. पेस्ट घेते संगं."

"तुम्ही कशाला?"

"नाव माझं लिवलंय."

कंपनी दोन गल्ल्या पलीकडं होती. बावीस वर्षांत ती तिथं पहिल्यांदा आत शिरली. चपला काढल्या, टोपी घातली, आणि कडी बसवून हवा ओढेपर्यंत दोन तास उभी राहिली. खुर्ची कुणी दिली नाही, तिनं मागितली नाही. आधी पेस्ट तपासली. तिच्या रेघा भलतीकडंच उमटल्या. मग साहेबांनी कापराचा कण आणला. पंचाण्णव. एकशे बावन्न. कागदावरच्याच जागी, फक्त उंच.

मशीन पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. ऐकायची तसदी कुणी घेतली नव्हती.

"रबर बदलतो," साहेब पुटपुटले. "टॅग काढून टाकतो."

"काढू नका. त्याच्यावरच लिहा."

"अहो, कशाला वाढवता?"

"माझं नाव लिवताना वाढलं नाय का?"

त्यांनी लिहिलं : कडी निर्दोष. कारण : कापूर. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगचं टेबल रिकामंच राहिलं. उज्वला आपल्या स्टुलावर होती, दिव्याच्या खिळ्याला लाल टॅग लटकत होता. दीपकशेठ दोनदा येऊन त्याच्याकडं बघून गेले. काढा म्हणायची हिंमत झाली नाही.

नव्या कडीची डबी बंद करून तिनं वर चिठ्ठी चिकटवली. आरती उरकल्यावरच उघडणे. खाली पूर्ण नाव लिहिलं : उज्वला केरू आहेर. आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.