खुंटीवरची नावं

आमच्या वस्तीच्या केंद्रात पाळणाघराची खोली मी एकतीस वर्षं सांभाळते आहे. एवढ्या वर्षांत बदक पाळल्याबद्दल मला कुणी नोटीस दिली नव्हती. ती गेल्या सोमवारी आली.

"मावशी, हे वाचा!" केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी कागद माझ्यापुढे आपटला. बाई म्हणायचं ते चारचौघांत. ती माझ्याच खोलीत लहानाची मोठी झाली आहे.

चष्मा लावून वाचलं. हजेरीवहीत मुलांची नोंद नाही, फक्त वस्तू लिहिल्या आहेत. इमारतीत बदक ठेवण्यास मनाई आहे. शुक्रवारी तपासणी होईल. मुलं येत नसल्यास खोली व्यायामाच्या यंत्रांना दिली जाईल.

"अगं, वहीत सगळं लिहिलंय की! बदक आले. किटलीला ताप. छत्री बाबांबरोबर लवकर गेली."

"तेच तर!" तिने कपाळाला हात लावला.

चूक म्हणाल तर माझीच. पहिल्या वर्षी मुलांना आपली खुंटी ओळखता येईना, म्हणून प्रत्येक खुंटीवर मी कापडाचं एकेक चित्र शिवून लावलं. एक मूल मोठं होऊन गेलं की खुंटी दुसऱ्याला. हळूहळू चित्र हेच नाव झालं. आयासुद्धा कामावरून फोन करून विचारत, "छत्री जेवली का हो?"

आता बावीस आयांच्या नोकऱ्या त्या खोलीवर उभ्या, आणि मला एकाही पोराचं खरं नाव धड ठाऊक नाही! तीन दिवस दारात उभी राहून नावं गोळा केली. बदकाच्या बापाने तर डोकं खाजवून बायकोलाच फोन लावला. "घरी पण सगळे बदकच म्हणतात हो," म्हणाला. काय बोलणार, कपाळ!

शुक्रवारी तपासनीस आले. आल्या आल्या पिशवी खुंटीला अडकवली आणि यादी वाचू लागले. पहिलं नाव. कुणी मान वर केली नाही. दुसरं, तिसरं. पोरं आपली ठोकळे रचण्यात दंग.

"मुलं उसनी आणलीत की काय?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

व्यवस्थापक बाईंचा चेहरा उतरला. माझं मात्र टाळकं सरकलं.

"साहेब, जरा बाजूला व्हा. यादी धरा नीट." मी हाक मारली, "बदक!"

"आलो!" ठोकळ्यांचा मनोरा कोसळला.

"छत्री!"

"आले!"

मी चित्र पुकारायची, खरं नाव सांगायची. ते खूण करायचे. अशा वीस खुणा झाल्या.

"किटली!" मी सवयीने ओरडले. तिला ताप होता, हे विसरलेच.

"आले!" मागून आवाज आला. व्यवस्थापक बाई! चौतीस वर्षांची घोडी, हात वर करून उभी.

साहेबांनी यादी पाहिली, मग तिला पाहिलं. "या यादीत नाहीत."

"होत्या," मी म्हटलं. "पहिली किटली हीच."

ते हसले नाहीत, पण टोपण पुन्हा काढलं. 'मुलं नियमित येतात. खोली चालू ठेवावी. वहीत खरी नावं लिहावीत.' खाली सही.

"पण मावशी, एक राहिलं," साहेब माझी वही चाळत म्हणाले. "हत्ती कुठाय?"

"तो बघा, तुमच्या पिशवीखाली. केव्हाचा रडकुंडीला आलाय. आधी त्याच्या खुंटीवरून ती काढा."