चांदणीने पाण्याला तोंड लावलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी दोण आहे. जनावरांना पाणी प्यायला दगडात कोरलेलं लांबट भांडं, तीच दोण. गुरुदासच्या पणजोबांनी मला काळ्या दगडातून घडवून घेतली आणि मालवणजवळच्या त्यांच्या बागेत विहिरीशेजारी बसवली. तेव्हापासून मी हललेली नाही. दगडाला काय वाटतं असं विचाराल, तर फारसं काही नाही. पाण्याला कुणाचं तोंड लागलं, तेवढं कळतं.

बैल प्यायले, म्हशी प्यायल्या. लोक म्हणायचे, "असली दोण आता कोण घडवता?" मग नांगराला यंत्र आलं, गोठा रिकामा झाला. माझ्यात माडाचा पालापाचोळा साचला, बेडकं राहिली. वाईट वाटलं का, आठवत नाही.

मग घोडे आले. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे. पाय अधू झाले की मालक त्यांना रस्त्यावर सोडून देत. गुरुदासने पहिली आणली ती चांदणी. पाठीवर खोगिराची जखम, एक डोळा पांढरा. त्याने मला घासून पाणी भरलं. ती नुसतीच नाक बुडवून उभी राहिली, मग प्यायली. पुढे आणखी तीन आले. त्यांच्यासाठी गुरुदासने मुंबईची नोकरी सोडली. लग्नही राहिलं.

"गुरग्या, वरात कधी रे?" लोक विचारायचे.

"घोडे आसत. नवरो खंय मिळता?" तो म्हणायचा.

यंदा काजूच्या दिवसांत त्याची थोरली बहीण सुगंधा देवगडहून आली. त्याला न्यायलाच.

"कंबर बघ तुझी, किती सुकलंस. बाग खंडान कसूक दी, घोडे कोणाक तरी दी आणि माझ्याकडे येऊन रव."

"बघूया गो बाय," म्हणत तो बाजाराला गेला.

बिया काढलेली काजूची बोंडं गुरांना घालायची, हे सुगंधाला लहानपणापासून ठाऊक. तिने टोपलीभर बोंडं चांदणीपुढे ओतली. मायेनेच.

"खा गो. आमची कपिला गाय आवडीन खायची."

दुपारी चांदणी सारखी वळून पोटाकडे बघायला लागली. जमिनीवर लोळली. गुरुदास आला, त्याने रिकामी टोपली बघितली.

"काय घातलंस गो हिका?"

"बोंडा. गोरवां खातत ना?"

घोड्याचं पोट गाईसारखं नसतं, मित्रांनो. त्याला उलटीही होत नाही. बोंडं आत आंबली आणि पोट फुगलं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, चालवत ठेवा म्हणाले. दोघा भावंडांनी तिला बागेत फिरवलं. प्रत्येक फेरीला माझ्यापाशी आणलं. तिचा श्वास पाण्यावर यायचा, पाणी थरथरायचं. ओठ काही टेकले नाहीत. ऊन उतरलं तेव्हा ती बसली. पुन्हा उठली नाही.

सकाळी तिला बागेच्या कोपऱ्यात पुरलं. गुरुदास येऊन माझ्या काठावर बसला. रडला नाही.

"माझ्या हातान मेली रे ती," सुगंधा म्हणाली.

"गोरवांका घालतत, तसा घातलंस." मग तो म्हणाला, "चल. येतंय मी देवगडाक."

तेवढ्यात उरलेले तिघे आले. होतं ते पाणी रात्रीत संपलं होतं आणि आदल्या दिवसाच्या गडबडीत मला कुणी पुन्हा भरलंच नव्हतं. ते माझा कोरडा तळ चाटत राहिले. गुरुदास बघत होता, पण उठला नाही. सुगंधाने पदर खोचला, विहिरीतून कळशी ओढली. एक, मग दुसरी. तीन तोंडं पाण्याला लागली.

"खंय येतलंस तू?" ती म्हणाली. "ह्यांका कोण बघतलो? हयच रव. माका फक्त सांग, ह्यांका काय घालूचा आणि काय नाय."

 तो हळूहळू सांगायला लागला. आवाज माझ्यासारखाच होता, दगडाचा. पण सांगत होता.

मित्रांनो, मला रंग लावू नका, हार घालू नका. एवढंच करा. मुक्या जनावराला मायेने काही भरवण्याआधी, त्याला सांभाळणाऱ्याला विचारा. आणि तो स्वतः जेवला का, हेही त्याला विचारा. आमच्या बागेत या दोन्ही गोष्टी विचारायला उशीर झाला.