पांढऱ्या दगडाच्या अलीकडे

घरामागच्या टेकडीवर, माथ्याच्या दहा पावलं खाली एक दगड आहे. बाबांनी तो चुन्याने पांढरा केला होता. बाबा शाळेत कवायतीचे मास्तर. हिवाळ्यातल्या दर रविवारी ते आम्हाला सूर्योदय बघायला वर नेत आणि सूर्याची कड दिसली की शिट्टी फुंकत. तोवर जो दगडापाशी पोचला नसेल, त्याने जागच्या जागी मागे फिरायचं आणि सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं.

"उगवलेला सूर्य अंगणातूनही दिसतो," ते म्हणत. "त्याला टेकडी कशाला?"

दादा आणि मी पळतच वर जायचो. आई कायम दगडाच्या अलीकडे. तिच्या खांद्यावर चहाचा थर्मास, पिशवीत कप आणि आम्ही वाटेत काढून दिलेले स्वेटर. "मालगाडी कुठवर आली?" बाबा वरून ओरडत आणि आम्ही दोघं खिदळायचो. मग शिट्टी व्हायची. आई मुकाट्याने वळायची. आम्ही उतरून आलो की चहा ओतायची. पहिला घोट घेऊन बाबा म्हणत, "पुढच्या रविवारी लवकर निघ."

असे एकवीस हिवाळे.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तिने मला विचारलं, "वरून दिसतो तरी कसा गं?"

मी औषधांची चिठ्ठी वाचत होते. "तसाच. लाल," म्हटलं. तिने पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आता दादा बाबांना कायमचं आपल्याकडे नेणार होता. त्याच्या खिडकीसमोर दुसरी इमारत आहे. सोमवारी गाडी येणार होती. शनिवारी बाबा म्हणाले, "उद्या एकदा वर घेऊन चल. तेवढंच."

पहाटे दाराशी मी थर्मास त्यांच्या खांद्याला अडकवला. कपांची पिशवी हातात दिली. मग गॅस बंद आहे का ते पाहायला आत गेले. बंद होता. तरी मी तिथे थोडा वेळ उभी राहिले.

चढावर त्यांना लगेच धाप लागली. "जरा थांब की गं."

"पाय उचला, बाबा. मुंगी पुढे गेली."

ते हसले. "माझंच मला ऐकवतेस होय?"

"दुसऱ्या कुणाचं ऐकवू?"

अर्ध्यावर ते खालीच बसले. "हा थर्मास तरी धर."

"आईने कधी दिला होता कुणाला?"

त्यांनी पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि गुडघ्यावर हात रेटून उठले.

दगडावरचा चुना कधीच धुऊन गेलाय, पण तो मला डोळे मिटूनही सापडेल. तो ओलांडून मी माथ्यावर गेले. बाबा खाली वाकून, एका हाताने गवत धरत येत होते.

"मालगाडी कुठवर आली?" मी ओरडले.

त्यांना ती थट्टाच वाटली. "आली, आली!"

दगड त्यांच्यापासून सात-आठ पावलांवर होता. मी खाली उतरून हात दिला असता तर ते पोचले असते. समोर कड दिसली. त्यांच्या खणातून घेतलेली शिट्टी मी खिशातून काढली आणि फुंकली.

बाबा थांबले. एक पाय उचललेला तसाच. ते शिवी देतील असं मला वाटलं. द्यावी, असंही वाटलं. त्यांनी पाय खाली टेकवला, टाचा जुळवल्या आणि मागे फिरले. दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले. थर्मास हिंदकळून त्यांच्या कमरेवर आपटला.

मी सूर्य सावकाश पाहिला, दोघींच्या वाटचा. बराच वर येईपर्यंत.

खाली आले तेव्हा बाबा अजून पाठ करूनच उभे होते. त्यांनी चहा ओतला, थोडा बोटांवर सांडला, आणि कप आधी मला दिला.

"गरम आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आता जाऊ का वर?"

मी एक घोट घेतला.

"पुढच्या रविवारी," म्हटलं. "लवकर निघा."