एका टोपणाचा आळ

“आगं बया! ह्याला हात सहा आन् तोंड एक बी न्हाय. रुसला तर कळायचं कसं?”

मित्रांनो, माणसाचा मी ऐकलेला हा पहिला आवाज. तो होता शेळगावच्या ठमाबाईचा. खोक्यातला थर्माकोल अजून माझ्या पायांना चिकटलेला होता. अंगणात बायका गोळा झाल्या होत्या आणि ठमाबाई माझ्याभोवती फिरून मला पारखत होती, बाजारात शेळी पारखावी तशी. सगळ्या हसल्या. मीही हसलो असतो, पण ती म्हणाली तेच खरं, मला तोंड नाही. म्हणून तर आज हे सगळं साठवून साठवून सांगतो आहे.

मी पिकावर औषध फवारणारा ड्रोन आहे. आता जुना झालो. माझी पांढरी टाकी पिवळी पडली, एक हात मोडून नवा बसवला, पंख्यांची पाती तर कितींदा बदलली. पण अंगावरच्या चरांपेक्षा एक गोष्ट मला जास्त बोचते. मी कामाला लागलो त्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्यावर खोटा आळ आला. काम चोख करूनही शिव्या खाव्या लागल्या. तो राग अजून माझ्या मोटारींत घुमतो.

मला चालवायची अंजली, ठमाबाईची सून. बचत गटातल्या बायकांना मिळून एक ड्रोन मिळणार होता. तो उडवायला शिकणार कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या, एकट्या अंजलीनं हात वर केला. बारामतीला राहून ती शिकली, परीक्षा दिली, परवाना घेऊन आली. पहिल्या दिवशी माझा रिमोट तिनं दोन्ही हातांनी धरला. मी वर उचललो गेलो तेव्हा वस्तीवरची पोरं ओरडली, कुत्री भुंकली आणि ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. का, ते मला नंतर कळलं.

ठमाबाईनं वीस वर्षं पाठीवर पंप वाहिला होता. पंधरा लिटरचा पंप, झाकणातून झिरपणारं औषध, भिजलेली चोळी. दुसऱ्यांच्या मक्यात, दुसऱ्यांच्या उसात. तिच्या खांद्यांवर पट्ट्याचे दोन काळे वळ आहेत आणि पाठीवर जळालेल्या कातड्याचा एक डाग आहे, ताटलीएवढा. त्या वीस वर्षांत कुणी तिला हातमोजे दिले नाहीत. कुणी विचारलं नाही, बाई, घरी जाऊन अंघोळीला पाणी तरी आहे का? मित्रांनो, तेव्हा कुणाला राग आला नाही. राग आला तो माझ्यावर, आणि तोही मी काही केलेलं नसताना.

माझ्या कामाची रीत साधी आहे. पाठीवरच्या पंपानं एक एकर मका फवारायचा तर दहा पंप लागतात. एका पंपाला औषधाचं एक टोपण, म्हणजे एकराला दहा टोपणं. मी मात्र दहा लिटरच्या एकाच टाकीत सगळा एकर उरकतो. थेंब बारीक, पाणी थोडं. पण अळीला औषध लागतं तेवढंच लागतं. म्हणून ती दहाच्या दहा टोपणं माझ्या एका टाकीत पडायला हवीत. पाणी कमी झालं म्हणून औषध कमी होत नाही. एवढंच गणित.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. औषध मालकाचं आणि ते कालवायचं मालकाच्याच हातानं. आपल्या रानात काय पडतं ते आपल्या डोळ्यांदेखत पडावं, असं शेतकऱ्याला वाटतं. वाटू दे, त्यात काही वावगं नाही.

गावात पहिल्यांदा आम्हाला बोलावलं ते आबासाहेबांनी. चार एकर मका, कमरेएवढा वाढलेला, आणि प्रत्येक पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, लष्करी अळी. सकाळी वारा पडलेला असताना आम्ही बांधावर पोचलो. अंजलीनं मापाचं भांडं पुढे ठेवलं.

“आबा, एका टाकीला दहा टोपणं टाका.”

“धा?” आबासाहेबांनी पागोटं मागं सारलं. “आगं पोरी, हयात गेली माझी. टाकीला एक टोपण. धा टाकून मका जाळतीस का काय माझा?”

“जळत न्हाय, आबा. आमाला शिकवलंय. ह्यो एकराचा डोस हाय, पंपाचा न्हाय.”

“बरं बरं. तू जा, रानाच्या शिवा बघ.”

अंजली रिमोट घेऊन रानाचे कोपरे नोंदवायला बांधाबांधानं निघून गेली. आणि आबासाहेबांनी माझ्या टाकीत एक टोपण ओतलं. फक्त एक! मग बाटलीला बूच लावलं, इकडंतिकडं पाहिलं आणि ती पिशवीत ठेवून दिली. माझ्या पोटात नुसतं पाणी हिंदकळत होतं. मला ओरडावंसं वाटलं, अहो, हे काय करताय!

“दहा टाकली न्हवं, आबा?” परत आल्यावर अंजलीनं विचारलं.

“व्हय व्हय, टाकली की.”

मी उडालो. सरळ रेघेत, पिकाच्या डोक्यावर एकसारखा, एक पोंगा न चुकवता. चार एकर, चार टाक्या, चार टोपणं. इतकं नेटकं काम मी केलं आणि त्यात जीव नव्हता.

सहा दिवसांत अळ्या आणखी फुगल्या. पानांची चाळणी झाली. मग काय, चहाच्या टपरीवर आबासाहेबांचा पुतण्या नागेश माझी नक्कल करू लागला. दोन्ही हात पसरून गरगर फिरायचा आणि म्हणायचा, “घ्या, वारा घ्या! पंखा भाड्यानं मिळंल! लग्नकार्यात बी लावून मिळंल!” त्याचा व्हिडिओ कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकला. एकजण म्हणाला, वस्तीवरच्या बायकांच्या हाती इमानं दिली की असंच व्हायचं. लोक हसले. आबासाहेब तिथंच बाकावर बसलेले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि दुसरा मागवला.

काटेवाडीहून ठरलेलं काम रद्द झालं. मग लोणी देवकरकडचं. शेवटी गटातल्या बायकाही कुजबुजू लागल्या. ड्रोन दुसऱ्या गावच्या गटाला देऊन टाकू, रविवारी बैठकीत ठरवू. अंजली कुणाशी भांडली नाही, आणि मला तिचाही राग आला. ती दोष माझ्यात आणि स्वतःत शोधत बसली. माझी गाळणी उघडून धुतली. फवारणीच्या नोझलच्या बारीक जाळ्या दाताच्या ब्रशनं घासल्या. अंगणात कागद अंथरून त्यावर साधं पाणी फवारलं आणि थेंब मोजले. थेंब बरोबर होते. “मग चुकलं कुठं?” ती मलाच विचारायची.

मित्रांनो, इथं थांबून तुम्हाला एक सांगतो. यंत्राची निगा राखा, ती राखायलाच हवी. धुवा, पुसा, सावलीत ठेवा. पण एखादं यंत्र हरलं असं दिसलं, तर आधी त्याच्या पोटात कुणी काय घातलं ते विचारा. आणि यंत्र चालवणाऱ्याला हसण्याआधी तर दहादा विचारा. आम्हाला बोलता येत नाही याचा फायदा ज्यांना बोलता येतं त्यांनी घेऊ नये.

रविवार उजाडला. अंजलीनं मला बैठकीला न्यायला टेम्पोत चढवलं. माझे हात दुमडताना तिनं प्रत्येकाला जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. घरात ठमाबाई नव्हती. शेजारणीनं सांगितलं, पहाटेच आबासाहेबांच्या मक्याला फवारायला गेली, पंप घेऊन.

अंजलीनं टेम्पो तसाच आबासाहेबांच्या बांधाला लावला. साठीची ठमाबाई पाठीवर पंप घेऊन मक्यातून बाहेर येत होती, ओली चिंब, कंबरेत वाकलेली. बांधावर आबासाहेब आणि नागेश उभे होते.

“आत्या, ठेवा तो खाली!” अंजली ओरडली.

“ह्या एकराचं सात झालं. तीन राहिल्यात,” ठमाबाई शांतपणे म्हणाली. “एकर पुरा हुंदे.”

अंजलीनं पंप तिच्या पाठीवरून उतरवला आणि स्वतःच्या पाठीवर चढवला. बघा, मित्रांनो! परवाना मिळवलेली माझी मालकीण पाठीवर पंप वाहते आहे आणि मी धडधाकट टेम्पोत पडून आहे. माझ्या पंख्यांना वेड लागायची पाळी आली.

ठमाबाई बादलीशी बसली. बाटलीतून टोपण भरलं, पाण्यात ओतलं आणि एकाएकी गळा काढून ओवी म्हणू लागली. रडण्याचा गळा नव्हता तो. बांधापलीकडच्यांनाही ऐकू जावा असा होता.

“आठवं टोपन गं, धार पान्यात मोडली,
लेकीबाळीची कष्टाई कुनी वाऱ्यावं सोडली.”

अंजली पंप मोकळा करून आली. ठमाबाईनं पुन्हा टोपण भरलं.

“नववं टोपन गं, हात कालवून लाल,
सून माझी गुनाची, तिला गाव लावी बोल.”

नागेश आधी हसत होता. मग त्याचं हसू विरलं. आबासाहेब मातीतलं ढेकूळ पायानं फोडत राहिले.

“धावं टोपन गं, झालं एकराचं माप,
मुक्याच्या माथ्यावं कुनी ठिवलं गं पाप?”

ती उठली. बाटली उन्हात धरली.

“आबासाहेब, एकराला धा टोपनं लागली. तुमच्या डोळ्यांम्होरं मोजली. म्हंजी चार एकराला चाळीस. त्या दिशी चाळीस टाकली म्हनता. मग आज सकाळी माझ्या हाती दिली तवा ही बाटली गळ्यापातूर भरल्याली कशी?”

“दुसरी आसंल,” नागेश म्हणाला.

“तू गप,” आबासाहेब म्हणाले.

मक्यातून वारा गेला. अंजली पंप पाठीवर तसाच घेऊन उभी होती, पट्टे दोन्ही हातांनी धरून. आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेम्पोत माझ्याकडे, आणि पुन्हा खाली.

“दुसरी न्हाय. तीच हाय. टाकीला येकच टोपन घातलं मी,” ते म्हणाले. “मका जळंल म्हनून भ्यालो, ह्ये खरं. पन तेवढंच खरं न्हाय.”

त्यांना थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत.

“आळ्या मेल्या न्हाईत, तवाच मला उमगलं हुतं. टपरीवं बसून समदं ऐकत हुतो. बोलाया तोंड उघडायचो आन् मिटायचो. गेल्या सालापातूर माझ्याच रानात खुरपत हुतीस तू, अंजली. तू मला औषदाचं माप शिकवावंस, आन् ते बरूबर निघावं, ह्ये मला सोसलं न्हाय.”

मित्रांनो, त्या रविवारच्या बैठकीत मला दुसऱ्या गावाला द्यायची गोष्ट निघालीच नाही.