ताईच्या पेशी

लॉन्ड्रीतल्या बॉयलरची वाफ अंगावर आली आणि ताईची पाठ, उजवा हात पार पोळून निघाला. भाजणं इतकं खोल, की जिथून नवी कातडी उगवायची त्या मूळ पेशीच तिथे उरल्या नव्हत्या. डॉक्टरांनी तिच्या मांडीची टीचभर कातडी काढून प्रयोगशाळेत पाठवली. धाकटी बहीण तिथेच कामाला होती. पेशी वाढवणं हेच तिचं काम.

ताईच्या पेशी तिने जिवापाड जपल्या. उबदार कपाटातून पेशींची काचेची बशी काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पेशी टवटवीत होत्या, एकमेकींना बिलगून पसरत होत्या.

"तुझी कातडी नुसती फोफावतेय गं," ती ताईला सांगायची.

"फोफावणारच," पालथी पडलेली ताई म्हणायची. "मी पहिल्यापासून जाडीच."

त्या पेशींचा पातळ पापुद्रा जखमेवर लावला. पट्टी सोडली तेव्हा धाकटी शेजारीच होती. पापुद्रा पट्टीबरोबर निघून आला, भिजल्या कागदासारखा. खाली जखम तशीच, लालभडक.

"बशीत त्यांना ऊब असते, खायला-प्यायला असतं," डॉक्टर म्हणाले. "इथे सूज आहे, रक्त पोचत नाही. रक्त पोचेपर्यंत त्या तग धरत नाहीत."

"मग आता?"

"जखम जरा सावरू दे, पुन्हा लावू. त्या जगतीलच असं मात्र मी सांगू शकत नाही."

हेच धाकटीने कितीदा इतरांच्या नातेवाइकांना समजावलं होतं. आज ती ऐकणाऱ्यांत होती.

दुसऱ्या वेळी पाठीवर काही ठिपके जगले. हळूहळू पसरले, पाठीची जखम भरत आली. कोपरावर मात्र काहीच टिकलं नाही. आजूबाजूची कातडी आक्रसत गेली आणि हात वाकडाच राहिला.

घरी आल्यावर ताई आरशासमोर बसली. कंगवा घेतलेला हात खांद्यापाशीच अडला.

"तुझ्याकडे त्या पेशी अजून जिवंत आहेत?"

"आहेत. मजेत आहेत."

"मग माझ्याच अंगावर का रुसल्या गं?"

धाकटीला उत्तर तोंडपाठ होतं. तिने ताईच्या हातातून कंगवा घेतला.

"हळू," ताई म्हणाली. "ओढू नकोस."