टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी जीप आहे आणि कालपासून मला काही सुचेनासं झालंय. असं कसं झालं हो? इतकी वर्षं रस्ते तुडवले, पण असा धक्का कधी बसला नव्हता.

नगरच्या छावणीत मी उमेदीची वर्षं काढली. तिथला ड्रायव्हर भारी कडक. रोज सकाळी सीट उचलायचा, खालच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण पुसायचा आणि झाकणावरच्या बारीक भोकातून तार फिरवायचा. पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत हवा यायला हवी ना? ती याच भोकातून येते. पुढे माझा लिलाव झाला. पाथर्डीकडच्या बिभीषणरावांनी मला घरी नेलं. त्यांच्या मंडळींनी, कडूबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. लाड तर विचारूच नका!

त्यांची लेक आरती पोलीस भरतीसाठी रोज माळावर पळायची. काल नगरला तिची मैदानी चाचणी होती. वयाची अट संपत आलेली, म्हणून ही शेवटचीच संधी. सकाळी सातला मैदानाचं फाटक बंद होणार होतं.

आदल्या संध्याकाळी कडूबाईंनी शेंदूर तेलात कालवला. "ह्ये गाडीचं पोट हाय. मारुतीराया, उद्या हिला वाटंत बंद पडू दिऊ नगंस," असं म्हणत त्यांनी टाकीच्या झाकणावर जाड थर थापला. अगं बाई, भोक! मी मनात ओरडत होते. पण माझं कोण ऐकतंय?

पहाटे तिघं निघाले. तिसगाव सोडलं आणि माझा जीव घाबरा झाला. टाकीत हवा येईना, पेट्रोल पुढं सरकेना. आचके देत मी थांबले. बिभीषणरावांनी पेट्रोलची नळी सोडवली, तोंडात धरून टाकीच्या बाजूला जोरात फुंकली. "कचरा हुता. गेला बघ!"

कचरा कसला! त्यांच्या फुंकरीची हवा टाकीत गेली, तेवढ्यावर मी चालले. करंजी घाटात पुन्हा ठप्प. पुन्हा फुंकर, पुन्हा चालू, पुन्हा बंद. प्लग पुसले, कार्बोरेटर धुतला. दर वेळी मी चालू व्हायचे, म्हणून दुसरी गाडी धरावी असं कुणालाच वाटेना.

"आप्पा, टाकीत पेट्रोल तरी हाय का?" आरतीनं सीट उचलली आणि झाकण फिरवलं.

सुस्स! टाकीनं एवढी हवा ओढली की तिघंही दचकले. आरतीनं आपली शेंदरी झालेली बोटं पाहिली, मग झाकण पाहिलं.

"आई, हितलं भोक बुजलंय."

कडूबाई रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसल्या. "म्या? म्या बुजवलं व्हय?"

झाकण सैल ठेवून आम्ही निघालो. मी जिवाच्या आकांतानं पळाले. पोचलो तेव्हा फाटक लागलेलं होतं.

कडूबाई शिपायापुढे हात पसरून उभ्या राहिल्या. "सायेब, लेकीची चूक न्हाई वो. माझ्या हातानं झालंय. तिला तेवढी आत घ्या." शिपाई कळवळला, पण त्यानं नकारार्थी मान हलवली.

आरतीनं आईचा हात धरून तिला माझ्यात बसवलं. "तू मुद्दाम केलं व्हय? चल, घरी जाऊ." मग ती स्वतः तोंड फिरवून बसली.

परतीच्या वाटेवर मी एकदासुद्धा बंद पडले नाही. "आता कशी पळती बया!" कडूबाई म्हणाल्या आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या. मला तर हॉर्न वाजवायचीही भीती वाटत होती.

मित्रांनो, मला हार घाला, शेंदूर लावा, मला आवडतं ते. पण माझ्या अंगावर कोणती जागा कशासाठी आहे, एवढं आधी बघत जा. ते बारीकसं भोक मोकळं सोडा. मी काय, उद्याही चालू होईन हो. आरतीला कालची सकाळ आता कोण परत देणार?