आबांची जीभ

शेतांना पाणी सोडायच्या आधी ते आबांनी चाखायचं, हा त्या वस्तीचा नियम होता. कुठे लिहून ठेवलेला नव्हता, बहुधा म्हणूनच नीट पाळला जायचा. सकाळी सोलर पॅनेलवर ऊन आलं की आबांची सून पंपघराचं कुलूप काढायची, पाइपात साचलेलं पाणी दोन मिनिटं वाहून जाऊ द्यायची आणि मग पेला भरून सासऱ्यांच्या हातात द्यायची. आबा पाणी तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि बाजूला थुंकायचे. तोवर खुरपी घेऊन आलेली दहा-बारा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी असायची, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. "गोड," आबा म्हणायचे, आणि व्हॉल्व्ह उघडले जायचे. आबांनी चाखल्यावर पुन्हा दुसऱ्या कुणी चाखून बघणं म्हणजे त्यांचा अपमान, असं सगळे मानत. तशीही विहीर शेताची. प्यायला रस्त्याकडेचा नळ होता.

यात भाबडेपणा काही नव्हता. समुद्र तिथून दिसत नसला तरी जमिनीखालून तो केव्हाच येऊन पोहोचला होता. विहिरीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत होतं, दुधावर साय धरावी तसं. हलक्या हाताने काढलं तर सायच हाती लागते. पळी खोल घातली की खालचं सगळं वर येतं. आणि एकदा वर चढलेलं खारं पाणी गयावया केली म्हणून खाली जात नाही, त्याला वर्षं लागतात. डिझेल इंजिनाच्या काळात ही भीती कमी होती. ज्याने त्याने आपापला डिझेलचा कॅन आणायचा, कॅन संपला की इंजिन दोन आचके देऊन बंद, आणि विहिरीला आपोआप विश्रांती. मग लहान शेतकऱ्यांसाठीचा प्रकल्प आला. सोलर पंप आला, ठिबकच्या नळ्या आल्या, थोड्या पाण्यात येणारी बियाणी आली. धूर गेला, कॅन वाहून दुखणाऱ्या पाठी गेल्या, घेवडा आणि काकडी अशी आली की बघत राहावं. हे सगळं खरोखर चांगलं होतं, उगाच नावं ठेवायला नकोत. फक्त ऊन असेपर्यंत पंप काही आपण होऊन थांबत नव्हता.

म्हणून प्रकल्पाच्या इंजिनिअर मॅडमनी पेनाएवढा एक मीटर दिला होता. तो पाण्यात बुडवला की क्षाराचा आकडा दिसायचा. आकडा नऊशेच्या वर गेला तर पंप अर्धाच दिवस चालवायचा आणि बाराशेला बंद करायचा. रोजचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा. या कामासाठी अकरा घरांनी मिळून आबांच्या सुनेला निवडलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि नवरा दूरच्या कारखान्यात असल्यामुळे ती घर सोडून कुठे जाणार नव्हती. तिला मात्र ती निवड फार मोठी वाटली. लग्न होऊन आल्यापासून ती अमक्याची बायको आणि तमक्याची सून होती; आता सगळे तिला पंपवाल्या वहिनी म्हणू लागले. पंपघराची किल्ली ती झोपतानाही कमरेची काढायची नाही.

मीटरची अब्रू पहिल्याच महिन्यात गेली. एका सकाळी त्याने दोन हजारांचा आकडा दाखवला, पंप दोन दिवस बंद राहिला आणि काकडीच्या कोवळ्या रोपांनी माना टाकल्या. आबा छातीठोकपणे सांगत होते, पाणी गोड आहे. मॅडमनी पाणी प्रयोगशाळेत पाठवलं, तर आबाच खरे निघाले. मीटरचा सेल उतरला होता. मॅडमनी नवा सेल घातला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. "आमच्या आबांच्या जिभेला सेल लागत नाही," वस्तीच्या पाणी गटाचा अध्यक्ष म्हणाला, आणि वस्ती आठवडाभर हसत होती.

सून तरीही नेमाने मीटर बुडवत राहिली. जीभ आणि मीटर रोज एकच सांगायचे, त्यामुळे हळूहळू तिलाही कंटाळा आला. पुढे सेल पुन्हा संपला आणि बाजारात तसला सेल काही मिळेना. मॅडम आल्या की मागू, असं ठरवून तिने तोवर अंदाजाने आकडे लिहायला सुरुवात केली. आबा गोड म्हणाले की कधी पाचशे चाळीस, कधी पाचशे पंचावन्न. रोज एकच लिहिलं तर खोटं दिसेल म्हणून. मॅडम आल्या त्या चार पाहुण्यांना घेऊन. तक्त्यासमोर उभ्या राहून त्यांना म्हणाल्या, "इतकी व्यवस्थित नोंद मी आजवर कुठेही पाहिलेली नाही." आता एवढ्या कौतुकानंतर सेल कोणत्या तोंडाने मागणार? तिने पाहुण्यांना चहा दिला आणि मीटर टेबलाच्या खणात गेला.

त्या थंडीत आबांना ताप आला. आठ दिवसांनी उठले, गालफडं बसलेली, पण दुसऱ्याच सकाळी काठी टेकत पंपघरापाशी हजर झाले आणि पेला मागून घेतला. त्यानंतर आठवडाभराने सुनेच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं. पहिला घास तोंडात जाताच तिने तो बाहेर काढला. आबा शांतपणे जेवत होते.

"अजून वाढ थोडी," ते म्हणाले.

"मीठ बरोबर आहे ना, मामंजी?"

"बरोब्बर."

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम अळणी भाजी वाढली. तीही बरोब्बर निघाली.

"मामंजी, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" तिने ताट उचलताना विचारलं.

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

"जिभेचं विचारू. तापानंतर होतं म्हणे असं."

आबांनी हात धुतले आणि बराच वेळ पुसत बसले. "सूनबाई, मी दिवसभर ओट्यावर बसून असतो," ते म्हणाले. "येणारा-जाणारा विचारतो, काय आबा, जेवलात का? आणि मी उत्तर देईपर्यंत पुढे गेलेला असतो. सकाळची पाच मिनिटं तेवढी माणसं थांबून माझं ऐकतात. तेवढं राहू दे." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "चव येईल परत. डॉक्टर तरी दुसरं काय सांगणार."

तिला त्यांची फार दया आली, हे खरं. पण चव गेल्याचं बाहेर फुटलं की लोक मीटर मागणार, मीटर निघाला की सेलची गोष्ट निघणार, आणि सेलमागून तक्ता, हेही तितकंच खरं. त्या दयेच्या आडोशाला तिची स्वतःची भीती मजेत बसून राहिली. दोघांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

काही दिवस ती कुणी यायच्या आधी स्वतःच पाणी चाखून बघायची. ते नळाच्या पाण्यापेक्षा मचूळ लागायचं, पण ते पहिल्यापासून तसंच होतं की आत्ता झालं, हे तिला कसं कळणार? बावीस वर्षं रोज चाखणारी जीभ तिच्याकडे नव्हती. एक दिवस वाटे, आज जास्त आहे. दुसऱ्या दिवशी वाटे, छे, मनाचे खेळ. नंतर नंतर तिने चाखणं सोडलंच. कळलं असतं तर बोलावं लागलं असतं.

उन्हाळा चढला तशा घेवड्याच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग तपकिरी झाल्या. उन्हाची झळ लागली, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मुळाशी क्षार साचले की रोपाला पाणी ओढता येत नाही आणि ते तहानलेलं दिसतं. आणि तहानलेल्याला पाणी द्यायचं एवढं कुणालाही कळतं. म्हणून पाणी वाढवलं. करपा वाढला, म्हणून आणखी वाढवलं. सगळी मेहनती, पिकावर जीव टाकणारी माणसं, पण आपल्या हाताने आपलंच शेत मारत होती.

शेवटी पंपघरासमोर बैठक भरली. "आता अर्धवट नको," अध्यक्ष म्हणाला. "महिनाभर, ऊन आहे तोवर पंप चालू ठेवू. उन्हाला कुठे कॅन लागतो? आबा, पाण्याचं काय म्हणता?"

"गोड आहे," आबा म्हणाले.

सून दारात उभी होती. बोलायची वेळ हीच, हे तिला स्वच्छ कळत होतं आणि तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती विनवणी होती.

"वहिनी, काही म्हणताय?" अध्यक्षाने विचारलं.

"पॅनेल पुसायला हवीत," ती म्हणाली. "धूळ बसलीय."

महिना भरायच्या आत घेवडा गेला आणि त्यामागून काकडी. अकराही शेतांत ठिबकच्या प्रत्येक छिद्राभोवती मातीवर पांढरं कडं धरलं. निरोप गेला तशा मॅडम धावत आल्या. त्यांनी ते पांढरं बोटावर घेऊन बघितलं आणि पंपघराशी येऊन बादली भरून मागितली. आपल्या पिशवीतला मीटर त्यांनी पाण्यात बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला.

"एकवीसशे," त्या म्हणाल्या.

"सेल उतरला असेल," अध्यक्ष म्हणाला. कुणी हसलं नाही.

मॅडमनी बादली त्याच्याकडे सरकवली. त्याने आबांकडे एकदा बघितलं, ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि लगेच थुंकला. मग एकामागून एक सगळ्यांनी ओंजळी घातल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आबांच्या नंतर कुणी ते पाणी चाखत होतं.

"पंप बंद करा," मॅडम म्हणाल्या. "आता यातून काढायचं नाही. पाऊस मुरत मुरत खारं पाणी खाली उतरेल. पाच वर्षं, कदाचित दहा. नक्की कुणीच सांगू शकणार नाही." "हे दोन दिवसांत होत नाही. तक्ता बघू."

सुनेने भिंतीवरचा तक्ता काढून दिला. आज सकाळच्या रकान्यात पाचशे पन्नास लिहिलं होतं. मॅडमनी मागची पानं उलटली. सगळीकडे तेच, नीटस, वळणदार अक्षरात.

"हे आकडे कुणी घेतले?"

सुनेने कमरेची किल्ली मुठीत धरली. काठीचा आवाज झाला आणि आबा उठून उभे राहिले.

"मी," ते म्हणाले. "मी सांगायचो, आज अमुक लिही. ती लिहायची. मीटरही मीच ठेवून द्यायला लावला."

"पण आबा, तुम्ही तर रोज गोड म्हणत होतात," अध्यक्ष म्हणाला.

"म्हणत होतो. खारट झालेलं मला थंडीतच कळलं होतं. माझ्या जिभेला कळणार नाही असं होईल का?"

"मग बोलला का नाहीत?"

"पंप बंद करावा लागला असता. उभ्या पिकाचं पाणी तोडायचं माझ्या जिवावर आलं." ते हे इतक्या सहजपणे म्हणाले, की सुनेला क्षणभर तेच खरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, म्हाताऱ्याने आपल्या जिभेची अब्रू वाचवली होती आणि तिलाही वाचवलं होतं, आणि त्यासाठी अकरा घरांचा गुन्हेगार व्हायला तो तयार होता.

सगळ्यात लहान शेत असलेली विधवा बाई हातातलं खुरपं खाली ठेवून तिथेच मातीत बसली. दोघं-तिघं आबांकडे पाठ करून उभे राहिले. सुनेच्या ओठांशी सगळं आलं होतं. ताप, मीठ, सेल, बैठकीतली ती धूळ. आपण एक वाक्य बोललो तरी या माणसाच्या माथ्यावरचं निम्मं ओझं उतरेल, हे तिला माहीत होतं.

अध्यक्ष तिच्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही रोज इथे असायचात. खरं सांगा. तुम्हाला हे माहीत होतं?"

आबा समोर बघत होते. मॅडम बघत होत्या. सगळी वस्ती थांबून ऐकत होती.

"नाही," ती म्हणाली.

"ऐकलंत ना," आबा म्हणाले. "तिला बिचारीला काय माहीत असणार."